जुने सही केलेले बेसबॉल: खरे-खोटे कसे ओळखायचे, किंमत कशी ठरवायची

शिवण१०८

अमेरिकेत घर रिकामं करताना लागणाऱ्या सेलमध्ये, गराज सेलमध्ये, नाहीतर शेजारच्या आजोबांच्या कपाटातून सही केलेला जुना बेसबॉल हाती येतो. मग पहिला प्रश्न पडतो की सही खरी का? हा प्रश्न इथे बऱ्याचदा आलाय, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझा आग्रह एकच आहे. सही सगळ्यात शेवटी बघा, आधी चेंडू वाचा. खोटी सही ओळखायला नजर तयार व्हावी लागते आणि त्याला वर्षं जातात. चुकीच्या चेंडूवरची सही मात्र नवख्यालाही पाच मिनिटांत पकडता येते, आणि बाजारातल्या बनावट मालाचा बराच भाग या पहिल्या चाळणीतच गळतो.

चेंडूची रचना अशी असते. डमरूच्या आकाराचे चामड्याचे दोन तुकडे आणि त्यांना जोडणारे १०८ दुहेरी टाके, हातानं घातलेले. दोन शिवणी जिथे एकमेकींच्या सगळ्यात जवळ येतात त्या अरुंद पट्टीला स्वीट स्पॉट म्हणतात. असे दोन असतात. जुन्या अधिकृत, म्हणजे लीगच्या सामन्यांसाठीच्या, चेंडूवर एका स्वीट स्पॉटवर लीगचं नाव आणि त्या वेळच्या लीग अध्यक्षाची छापील सही असते, दुसरा कोरा असतो. बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का बाजूच्या रुंद भागावर.

अध्यक्षाचं नाव हा चेंडूचा जन्मदाखला. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये दोन लीग आहेत, त्यांचे अध्यक्ष असे:

अमेरिकन लीग: बॅन जॉन्सन १९०१-२७, अर्नेस्ट बर्नार्ड १९२७-३१, विल्यम हॅरिज १९३१-५९, जो क्रोनिन १९५९-७३, ली मॅकफेल १९७४-८३, बॉबी ब्राउन १९८४-९४, जीन बुडिग १९९४-९९.

नॅशनल लीग: जॉन हेडलर १९१८-३४, फोर्ड फ्रिक १९३४-५१, वॉरन जाइल्स १९५१-६९, चार्ल्स फीनी १९७०-८६, बार्ट जियामाटी १९८६-८९, बिल व्हाइट १९८९-९४, लेनर्ड कोलमन १९९४-९९.

२००० पासून दोन्ही लीगचा चेंडू एकच, आधी मेजर लीगचे कमिशनर बड सीलिग यांच्या नावाचा.

हे लक्षात ठेवा की शिक्का फक्त खालची मर्यादा सांगतो. १९५५ चा चेंडू १९८५ साली सही करायला पुढे धरता येतो, पण १९८५ चा चेंडू १९५५ साली अस्तित्वातच नव्हता. न्यूयॉर्क यांकीज संघाचे गाजलेले खेळाडू बेब रूथ १६ ऑगस्ट १९४८ ला गेले. त्यांची सही जाइल्स, क्रोनिन किंवा त्यानंतरच्या कुठल्याही शिक्क्यावर दिसली तर पुढे काही बघायची गरजच नाही.

हडसनकाठ

उपयुक्त धागा, वाचनखूण साठवली. एक ठोस उदाहरण विचारतो. ऑनलाइन विक्रीला एक चेंडू आहे. नॅशनल लीग, फीनींचा शिक्का, बाजूला रॉलिंग्ज कंपनीचं चिन्ह, स्वीट स्पॉटवर निळ्या बॉलपेननं नॅशनल लीगचे खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे यांची सही. विक्रेता म्हणतो १९७१ ची सही आहे. फीनी १९७० पासून, म्हणजे वर्ष जुळतं. घ्यावा का?

भिंगवाला

घेऊ नका. वर्ष जुळतंय, चेंडू जुळत नाही.

१९७६ च्या हंगामापर्यंत नॅशनल लीगचा अधिकृत चेंडू स्पाल्डिंगचा होता. १९७७ पासून दोन्ही लीगचं काम रॉलिंग्जकडे गेलं. फीनी १९८६ पर्यंत अध्यक्ष होते, त्यामुळे त्यांचं नाव दोन्ही कंपन्यांच्या चेंडूंवर सापडतं आणि नेमकी इथेच फसगत होते. क्लेमेंटे ३१ डिसेंबर १९७२ ला गेले, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान पोर्तो रिकोजवळ समुद्रात कोसळलं. म्हणजे तुम्ही म्हणता तो चेंडू त्यांच्या मृत्यूनंतर किमान चार वर्षांनी तयार झालाय. सही कितीही हुबेहूब असली तरी खोटीच.

क्लेमेंटेंच्या खेळण्याच्या काळातले नॅशनल लीगचे अधिकृत चेंडू दोनच: जाइल्स-स्पाल्डिंग आणि फीनी-स्पाल्डिंग.

अमेरिकन लीगकडे हॅरिज आणि क्रोनिन यांच्या काळात चेंडूवर रीच या कंपनीचं नाव असे. अध्यक्ष आणि कंपनी ही जोडी नेहमी एकत्र वाचा, एकट्या नावावर जाऊ नका.

सदाफुली

एक शंका. रॉलिंग्ज कंपनी तर १९७७ च्या आधीही चेंडू बनवत होती ना? मग क्लेमेंटेंनी रॉलिंग्जच्या चेंडूवर सही केलीच नसेल असं कसं म्हणता येईल?

भिंगवाला

बरोबर शंका आहे. दुकानात मिळणाऱ्या साध्या रॉलिंग्ज चेंडूवर त्यांची सही असू शकते. पोरं हाताला मिळेल तो चेंडू पुढे करायची, त्यामुळे अनधिकृत चेंडूवरच्या खऱ्या सह्या भरपूर आहेत. त्यांना किंमत कमी येते, पण म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. इथे अडचण 'ऑफिशियल नॅशनल लीग' आणि 'रॉलिंग्ज' एकाच चेंडूवर असण्याची आहे. ती जोडी १९७७ च्या आधी नाही.

आणखी दोन खुणा. १९७४ मध्ये आवरण घोड्याच्या कातड्याऐवजी गाईच्या कातड्याचं झालं. आणि १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टाके दोन रंगांचे असत, अमेरिकन लीगचे लाल-निळे, नॅशनलचे लाल-काळे. निळा किंवा काळा धागा विटून करडा दिसतो. शिवणीच्या खोबणीत, जिथे ऊन पोचत नाही, तिथे भिंगानं बघितलं की मूळ रंग दिसतो.

दौत_टाक

शाईबद्दल लिहितो, कारण चेंडूनंतरची दुसरी चाळणी तीच.

बॉलपेन अमेरिकेत पहिल्यांदा सर्रास विक्रीला आलं २९ ऑक्टोबर १९४५ ला, न्यूयॉर्कच्या गिंबल्स दुकानात. यांकीजचेच लू गेरिग २ जून १९४१ ला गेले. त्यामुळे बॉलपेनमधली गेरिगची सही अशक्य. रूथची बॉलपेनमधली सही शक्य आहे, पण फक्त शेवटच्या तीनेक वर्षांतली. शार्पी मार्कर १९६४ चा. जिमी फॉक्स (मृत्यू १९६७) यांची शार्पीतली सही दाखवली तर तारखेनं ती अगदीच अशक्य नाही, तरी मी दहा पावलं मागे सरेन.

भिंग १० पटीचं घ्या, त्याहून मोठ्याची गरज नाही. काय बघायचं:

बॉलपेन चामड्यात खोबण पाडतं. उजेड बाजूनं, जवळजवळ आडवा टाकला की ती खोबण सावलीसारखी दिसते. छापील सहीला खोबण नसते. स्टेडियममध्ये आठवण म्हणून विकल्या जाणाऱ्या चेंडूंवर अख्ख्या संघाच्या सह्या छापलेल्या असतात. सगळ्या एकाच रंगाच्या, एकाच जाडीच्या, सारख्या अंतरावर, आणि रेघ रेघेला छेदते तिथे शाई जराही गडद होत नाही. हाताच्या सहीत छेदावर शाई दुप्पट बसते.

फाउंटन पेनची शाई ताज्या चेंडूवर नीट बसते, कारण नव्या चामड्यावर कारखान्यातला लेप असतो. पन्नास-साठ वर्षांनी तो लेप गेलेला असतो आणि चामडं तहानलेलं असतं. अशा चेंडूवर आज पेन टेकवलं की शाई टीपकागदासारखी पसरते, रेघेला केस फुटतात. जुनी सही सगळीकडे केसाळ दिसत असेल तर सही चेंडूपेक्षा बरीच तरुण आहे असं समजा.

सगळ्यात बोलकी खूण भेगांची. चामडं वाळून भेगा पडायला दशकं लागतात. सही आधी आणि भेग नंतर असेल, तर भेग रेघेला तोडते आणि भेगेच्या आत कोरं चामडं दिसतं. शाई भेगेच्या आत उतरलेली दिसली, तर सही भेगेनंतरची. मळाचंही तसंच. मळ शाईवर चढलेला हवा, शाई मळावर बसलेली नको.

शिवण१०८

दौत_टाक, भेगांचा मुद्दा सोन्यासारखा आहे. त्यात एवढंच घालतो की एकाच भेगेवरून निकाल देऊ नका. सही किमान चार-पाच ठिकाणी भेगेला छेदते, ती सगळी ठिकाणं बघा.

हडसनकाठ

क्लेमेंटेचा नाद सोडला. अतिनील दिव्याबद्दल बरंच ऐकलंय. त्यानं नक्की काय कळतं?

भिंगवाला

३६५ नॅनोमीटरचा दिवा घ्या. ३९५ चे स्वस्त टॉर्च जांभळा उजेडच जास्त टाकतात आणि त्यात सगळंच चमकल्यासारखं वाटतं. खोलीत पूर्ण अंधार करा, डोळ्यांना दोन मिनिटं सरावू द्या.

कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणात जी चमक घालतात, तीच रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर धाग्यात, कागदात, रंगात सर्रास यायला लागली. ती या दिव्याखाली निळसर पांढरी पेटतात. १९३० च्या चेंडूचे टाके असे पेटले तर धागा नंतरचा आहे, म्हणजे चेंडू नवा तरी आहे किंवा पुन्हा शिवलेला तरी. पण घाई नको. कुणी जुना चेंडू साबणाच्या फडक्यानं पुसला असेल तरीही चमक येते. ती ठिगळाठिगळांनी असते, नव्या धाग्याची मात्र सगळीकडे सारखी.

या दिव्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. फक्त रूथची सही असलेला चेंडू आणि वीस जणांत एक रूथ असलेला चेंडू, यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून काही लोक खऱ्या संघाच्या चेंडूवरून बाकीच्या सह्या पुसतात. रूथची सही खरी, चेंडू खरा, शाई खरी, भेगाही बरोबर. नुसत्या डोळ्यांना काही चुकीचं दिसत नाही. दिव्याखाली पुसलेल्या नावांची भुतं उठतात, बाजूच्या भागांवर फिकट किंवा काळसर रेघा दिसतात. दिवा नसेल तर आडव्या उजेडात चेंडू हळूहळू फिरवा. जिथे घासलंय तिथे चामड्याचा तुकतुकीतपणा गेलेला असतो आणि बारीक लव उठलेली असते. चेंडू जिथे हातात धरला जातो तिथे तो मळकट आणि बाकी भाग संशयास्पद स्वच्छ, असं दिसलं तरी थांबा.

सदाफुली

माझ्या यादीत एक संघाचा चेंडू आहे. यांकीज, १८ सह्या, त्यात रूथ, गेरिग आणि डिमॅजिओ. शिक्का हॅरिजचा. हा कसा तपासू?

दौत_टाक

रूथ यांकीजकडून १९३४ पर्यंत खेळले. डिमॅजिओ संघात आले १९३६ ला. हे दोघं एकाच यांकीज संघात कधीच नव्हते. तिघांनी एखाद्या समारंभात सही केलेली असू शकते, पण मग उरलेली १५ नावं कुठल्या वर्षाची आहेत ते बघा.

पद्धत अशी. मोठी नावं बाजूला ठेवा, ती दहा-दहा वर्षं संघात असतात. वर्ष सांगतात ते राखीव खेळाडू, तिसरा कॅचर, एक हंगाम टिकलेला पिचर. प्रत्येक नावापुढे तो संघात होता ती वर्षं लिहा आणि सगळ्यांना समाईक वर्ष शोधा. खऱ्या चेंडूला एक, फार तर दोन वर्षं निघतात. एकही निघालं नाही तर सह्या वेगवेगळ्या वेळी गोळा केल्या आहेत, किंवा यादी बघून एकाच हातानं लिहिल्या आहेत. व्यवस्थापकाचं नावही बघा, संघाच्या चेंडूवर स्वीट स्पॉटवर सही करायचा मान बहुतेक वेळा त्याचा असे. मिलर हगिन्स असतील तर १९२९ किंवा आधी, जो मॅकार्थी असतील तर १९३१ किंवा नंतर.

दुसरी गोष्ट क्लबहाउस (संघाची कपडे बदलायची खोली) सह्यांची. मोठ्या खेळाडूंपुढे रोज डझनावारी चेंडू येत. त्यांच्या वतीनं बॅटबॉय किंवा क्लबहाउसमधला माणूस सही ठोकून द्यायचा. अशा चेंडूवर बाकीच्या सह्या खऱ्या, आणि जिच्यासाठी तुम्ही पैसे मोजताय तीच परक्या हाताची. दोन-तीन नावं एकाच पेनानं, एकाच तिरकेपणानं, एकाच दाबानं लिहिलेली दिसतात का ते बघा. फसवणुकीचा हेतू त्यात नव्हता, पण किंमत मात्र पडते.

शिवण१०८

आता खुद्द सही. नमुने जमवताना एकच नियम पाळा: तारीख माहीत असलेले नमुने. करारपत्रं, वटवलेले चेक, पोस्टाचा शिक्का असलेली पाकिटं. लिलावातल्या दुसऱ्या चेंडूंशी तुलना करत बसलात तर खोट्याची खोट्याशी जुळणी व्हायचा धोका.

माणसाची सही वयाबरोबर बदलते. रूथ १९२० च्या दशकात 'बेब' भोवती अवतरणचिन्हं घालत, दशक संपता संपता ती गळून पडली. मिकी मँटल यांची १९५० च्या सुरुवातीची सही साधी, शाळकरी वळणाची आहे. दोन्ही 'एम' ना मोठ्या गोल कमानी असलेली प्रसिद्ध सही नंतरची. म्हणून '१९५२ चा चेंडू' म्हणून कमानींची सही दाखवली तर चेंडू जुना आणि सही खूप नंतरची असू शकते. ती खोटीच असेल असं नाही, पण १९५२ चा भाव देऊ नका.

आकारापेक्षा वेग बघा. हजारो वेळा केलेली सही पेन टेकायच्या आधीच सुरू होते आणि उचलल्यावरही हात पुढे जातो, त्यामुळे रेघेची टोकं निमुळती असतात. नक्कल करणारा चित्र काढतो. त्याची टोकं बोथट, जाडी सगळीकडे सारखी, आणि खरा माणूस जिथे कधी थांबत नाही तिथे पेन उचलल्याचा ठिपका.

हडसनकाठ

प्रमाणपत्र असेल तर हे सगळं करायची गरज उरते का?

भिंगवाला

प्रमाणपत्र कुणाचं त्यावर आहे. १९९० च्या दशकात एफबीआयनं सॅन दिएगोतून 'ऑपरेशन बुलपेन' चालवलं. खोट्या सह्या करणारे, घाऊक विकणारे आणि त्यांना प्रमाणपत्रं देणारे अशी साखळीच सापडली. मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही त्या मालात निघाले. सॅन दिएगो पॅड्रेसचे टोनी ग्विन यांनी स्वतःच्या नावाच्या खोट्या सह्या ओळखून दिल्या होत्या. २००१ पासून मेजर लीग बेसबॉलनं स्वतःची व्यवस्था सुरू केली: तपासनीस समोर हजर असेल तरच होलोग्राम लागतो. जुन्या चेंडूंना त्याचा उपयोग नाही.

जुन्यांसाठी बाजार सह्या तपासणाऱ्या पीएसए, जेएसए आणि बेकेट या तीन कंपन्यांना मानतो. ती देतात ते तज्ज्ञाचं मत. क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाका, आणि तिथे चेंडूचा फोटो असेल तर समोरच्या चेंडूशी डागान्‌डाग जुळवा. खरा स्टिकर सोलून दुसऱ्या चेंडूवर लावता येतो. 'खेळाडूच्या नातेवाइकाचं पत्र' याला एकट्याला काही वजन नाही.

सदाफुली

आणि किंमत?

शिवण१०८

सगळ्यात वर, एकट्याची सही, कोऱ्या स्वीट स्पॉटवर, अधिकृत चेंडू, त्या खेळाडूच्या काळातला. मग एकेक पायरी खाली: सही बाजूच्या भागावर, चेंडू अनधिकृत, 'टू बॉबी' असं कुणाचं नाव, शाई फिकी. शाई आणि चेंडू यांना १ ते १० असा वेगवेगळा दर्जा देतात, आणि शाईचा दर्जा जास्त मोजला जातो. मळका चेंडू नि गडद सही चालते, शुभ्र चेंडू नि पुसट सही कुणी घेत नाही.

सहीची किंमत आणि प्रसंगाची किंमत यांत गल्लत करू नका. १९३३ च्या पहिल्या ऑल-स्टार सामन्यात रूथनी होमरन मारलेला, त्यांचीच सही असलेला चेंडू २००६ मध्ये ८,०५,००० डॉलरला गेला. ती किंमत त्या फटक्याची आहे. १२ जून १९३९ ला कूपर्सटाउनला हॉल ऑफ फेमचं उद्घाटन झालं, तिथल्या अकरा जणांच्या सह्यांचा चेंडू २०१८ मध्ये ६,२३,३६९ डॉलरला गेला. असे आकडे बघून घरच्या चेंडूचा हिशोब करू नका.

भाव काढताना झालेली विक्रीच बघा, मागितलेली किंमत नाही. तोच खेळाडू, तोच चेंडू, जवळचा दर्जा, गेल्या दोन वर्षांतले चार-पाच व्यवहार. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराचं शुल्क मिळवलेलं असतं. समजा बोली १,००० डॉलरला थांबली, खरेदीदाराचं शुल्क २० टक्के, विकणाऱ्याचं कमिशन १० टक्के. छापून येणार १,२००, विकणाऱ्याच्या हातात पडणार ९००. म्हणून विकायचा भाव आणि विम्याचा भाव वेगळे धरा.

सदाफुली

एक राहिलं. दुसऱ्या एका चेंडूवर पिवळट नारिंगी थर आहे आणि तडकलाय. काढून टाकावा का?

दौत_टाक

अजिबात हात लावू नका. ते शेलॅक, म्हणजे फर्निचरच्या फ्रेंच पॉलिशला वापरतात ती चपडी लाख. सह्या टिकाव्यात म्हणून पूर्वी लोक चेंडूला तिचा हात देत. अतिनील दिव्याखाली ती नारिंगी चमकते, त्यावरून खात्री करून घ्या. तिच्यामुळे किंमत कमी होते हे खरं, पण ती काढायला स्पिरिट लावलं की शाई तिच्याबरोबर निघते. रबरानं खोडणं, ओल्या फडक्यानं पुसणं, पेनानं गिरवणं, सगळं वर्ज्य. गिरवलेली सही तर खोट्यात जमा.

ठेवायचं अंधारात. अतिनील किरण अडवणाऱ्या ॲक्रिलिकच्या डबीत, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत, सही वरच्या बाजूला आणि चेंडू शिवणीवर टेकलेला. निळी फाउंटन शाई उन्हात सगळ्यात आधी उडते. घरात खिडकीसमोरचं शोकेस ही चेंडू ठेवायची सगळ्यात वाईट जागा.

शिवण१०८

सदाफुली, दोन्ही चेंडूंचे फोटो टाका म्हणजे नीट बोलता येईल. प्रत्येकाचे सहा: दोन्ही स्वीट स्पॉट आणि बाजूचे चार भाग. खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न मारता. यांकीजच्या चेंडूवर डिमॅजिओच्या नावाचा एक फोटो आडव्या उजेडात जवळून घ्या आणि त्याच्या शेजारची दोन नावंही त्यात येऊ द्या.